दऱ्यांचा दर्या

‘नवा ई-रीडर काढायचा झाला तर त्यात काय काय हवं?’ ओळखीपाळखीत या पुस्तकं वाचायच्या यंत्रावर सर्वांत आधी वाचायला लागले ती मी, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. मी उत्तर देते आणि समोरचा म्हणतो, ‘एवढंच? हे तर अक्षरांचं झालं. यंत्राचं सांगा ना.’ तुम्ही परवा पुन्हा विचारलंत, म्हणून एकदाच नीट लिहिते.

यंत्राचं आधी उरकते. पडदा ३०० पीपीआयचा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांचा, झाला तेव्हाच अक्षर मला पुरेसं रेखीव दिसायला लागलं. त्याहून जास्त नको. रंग नको. कॅलिडो ३ या रंगीत पडद्यावर काळं-पांढरं ३००ने उमटतं, पण रंग १५०नेच, आणि रंगांच्या गाळणीमुळे पान करडं दिसतं. बॅटरी बदलता यावी. २०२४मध्ये ई-रीडर बनवणाऱ्या कोबोने दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटच्या साथीने आपल्या नव्या रीडरचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुली केली, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. आणि पान उलटायला बटण हवं. अ‍ॅमेझॉनच्या २००७च्या पहिल्या किंडल रीडरला दोन्ही कडांना होती तशी, दाबल्याचं बोटाला कळेल अशी.

बटणांबाबत मी पूर्वी बरोबर उलटं सांगत होते. ‘बोट टेकलं की पान उलटतं, बटणं कशाला?’ हे माझंच वाक्य. ते ऐकून ज्यांनी बिनबटणाचं यंत्र घेतलं, त्यांना मी आजही काही समजावू शकत नाही. तेव्हा मला फक्त माझी बोटं ठाऊक होती.

आप्पा, माझे वडील, कोल्हापुरात छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या, तेही उलट्या दिसणाऱ्या अक्षरांतून. ऑफसेट आल्यावर खिळे गेले आणि आप्पा प्रुफं तपासायला लागले. सत्तरीनंतर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेला. कडेचं दिसायचं, पण ज्या शब्दावर नजर ठेवावी तोच पुसट. छापील पुस्तक सुटलं. मी मोठ्या विश्वासाने ई-रीडर नेला आणि म्हटलं, ‘आप्पा, आता अक्षर हवं तेवढं मोठं करा.’

पहिल्या संध्याकाळी ते दोन तास वाचत बसले होते. मी पुण्याला परतले आणि भेटेल त्याला हे सांगत सुटले. फोनवर विचारलं की म्हणायचे, ‘चाललंय वाचन.’ चार महिने हेच.

दिवाळीला गेले तर यंत्र कपाटात, बॅटरी उतरलेली. चार्ज केलं. पुस्तक तीन टक्क्यांवर थांबलेलं होतं.

मी रागावले. वाचता येत नव्हतं तर सांगायचं नाही का, असं काहीबाही बोलले. आप्पांनी गादीखालून कॅलेंडरची जुनी पानं काढली. पाठकोऱ्या बाजूवर जाड स्केचपेनने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, एकेक चूक उतरवलेली. समोर प्रूफ तपासायच्या खुणा. अकरा पानं. ‘डोंगरदऱ्यांत’ हवं तिथे ‘डोंगरदर्यांत’. ‘वाऱ्यावर’ हवं तिथे ‘वार्यावर’. ‘डोंगरात दर्या कुठून आला?’ असं खाली लिहिलेलं. एके ठिकाणी नुसतं, ‘पाकळीचा ल यांच्याकडे नाही का?’ म्हणजे मराठी वळणाचा ल, हिंदी छापाचा नव्हे.

वाचता येत नव्हतं असं नव्हतंच. चुका दिसत होत्या, आणि चूक दिसली की पुढे जायचं नाही ही त्यांची आयुष्यभराची सवय. शिवाय कोरडं बोट पडद्यावर नोंदलं जायचं नाही. जोरात दाबलं की भलतीच चौकट उघडायची, तिच्यातला मजकूर बारीक आणि इंग्रजीत. पुस्तकाचं अक्षर वाढायचं, चौकटीतलं वाढायचं नाही. ती बंद कशी करायची हे विचारायला फोन करायचा म्हणजे माझ्या कामात व्यत्यय, म्हणून यंत्र कपाटात.

पानं माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, ‘हे प्रूफ कुणाकडे पाठवायचं?’

चूक कशी झाली ते मला नंतर कळलं. संगणकात हा ‘ऱ्’ दोन तऱ्हांनी लिहितात. एकीत खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. फाइलीचं रूपांतर होताना ते न दिसणारं चिन्ह गळलं की ‘ऱ्’चा रफार होतो आणि दऱ्यांचा दर्या. तुम्ही म्हणाल, हा दोष फाइल बनवणाऱ्याचा, यंत्राचा काय संबंध? असेल. फाइल कुलूपबंद होती, उघडून पाहता आली नाही. पण ‘ल’चं काय? महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणं स्पष्ट दिलेली आहेत. पुस्तक मराठी आहे हे यंत्राला कळलं, तर ही अक्षरं दाखवणारे फॉन्ट आज आहेत.

तेव्हा माझं उत्तर हे. मराठी पुस्तकाला मराठी वळणाचं अक्षर, आणि मला हवा तो फॉन्ट घालायची मुभा. नुसत्या पुस्तकाचंच नाही, मेनूचंही अक्षर वाढावं आणि मेनू मराठीत असावा. शब्दकोश असा हवा की ‘पाण्याला’वर बोट ठेवलं तर ‘पाणी’ सापडेल. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर केव्हाच आणले आहेत. अडतं ते शब्दाच्या सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखण्यात. आणि चूक दिसली तर त्या ओळीवर खूण करून ती पाठवायची सोय हवी, जिचं उत्तर माणूस देईल.

ऑडिओ ऐकवा, असं बरेच जण सुचवतात. मीही सुचवलं. आप्पा ऐकतात, आवडतंही. पण ऐकताना ‘दऱ्या’ नीट छापलंय की नाही ते कळत नाही, असं म्हणतात. यावर त्यांच्याशी वाद घालावा की नाही, हे माझं अजून ठरत नाही.

अकरापैकी एका पानाचा फोटो मी कंपनीला पाठवला होता. उत्तर आलं: यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, अक्षराचा आकार बदलून पाहा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. उरलेली दहा पानं पाठवलीच नाहीत. आप्पांना मात्र सांगितलं की सगळं पाठवलंय, दुरुस्ती चालू आहे.

छापखान्यात दुरुस्त्या झाल्या की दुसरं प्रूफ यायचं. मी कोल्हापूरला गेले की आप्पा अजून विचारतात, दुसरं प्रूफ आलं का.