आमची वाटचाल: 28 फुटांत संसारही, शर्यतही

वडील रेवदंड्याच्या खाडीकाठी सागवानी होड्या बांधायचे. मी फायबरवर आलो, मच्छीमारांच्या होड्यांचे साचे केले, धंदा त्यावरच उभा राहिला. 1 जूनला मासेमारी बंद झाली आणि होड्या वर ओढल्या की कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईच्या शिडाच्या बोटीही पावसाळ्यातच दुरुस्तीला येऊ लागल्या.

त्यात जे/24 नावाच्या शर्यतीच्या छोट्या शिडाच्या बोटी असायच्या. अमेरिकेत रॉड जॉनस्टोन यांनी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या बोटीवरून 1977मध्ये ही बाजारात आली. पळते झकास, पण केबिनमध्ये उभं राहता येत नाही. मालक म्हणायचे, "मंडळी एकदा आली, पुन्हा नाव काढत नाही." शेवटी एका गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कमच टेबलावर ठेवली: रविवारी शर्यत, दिवाळीत चौघं मुरुड-जंजिऱ्याला, बोट एकच.

आराखडा नौकारचनाकाराचा, वाद आमचे. लांबी 28 फूट, पाण्याच्या रेषेवर 25. वेगाची मर्यादा या दुसऱ्या आकड्यावर ठरते: त्याचं वर्गमूळ गुणिले 1.34, म्हणजे 6.7 नॉट (ताशी सुमारे 12 किलोमीटर). त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. म्हणून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जवळजवळ उभी ठेवली; पुढे झुकलेली देखणी दिसते खरी, पण तेवढी लांबी फुकट जाते.

आपल्याकडे सकाळी मतलई मंद आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोरात. मुख्य शीड मोठं, पुढचं शीड, म्हणजे जिब, लहान, असं ठरवलं. जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, ओढायला धट्टेकट्टे गडी लागतात. इथे आई आणि मुलगी पुरतात. वारा चढला की मुख्य शिडाला रीफ घ्यायचा, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करायचं.

खरी ओढाताण वजनाची. एकूण 2,900 किलो, त्यातले 1,100 कीलमध्ये, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेल्या जड पात्यात, तेही शिशाचे. शिसं ओतीव लोखंडाच्या दीडपट घन, त्यामुळे कमी जागेत, अगदी तळाशी बसतं. खाडीच्या तोंडाशी गाळ असल्याने कील फार खोल नेता येत नव्हती, मग शिशाचा खर्च टाळणार कसा? 1979च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात 15 खलाशी गेले. उलटलेली बोट आपोआप सुलटी होते का, हा प्रश्न त्यानंतर कळीचा झाला. घरची माणसं बसणार असतील तर तो सगळ्यात आधी विचारावा.

केबिनची उंची पावणेसहा फूट, तीही फक्त ओट्यापाशी. सगळीकडे दिली असती तर डेक उंच होऊन वारा अडवत बसला असता. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, डिझेल, सगळं मधोमध. टोकांना वजन गेलं की बोट लाटेवर नाक आपटत चालते.

सध्या त्याच साच्यातून दुसरी बोट निघते आहे. या गिऱ्हाइकाला फ्रीज हवाय, तोही मागच्या कोपऱ्यात. फ्रीज देऊ, पण बसेल कीलच्या वरच.