तीनास एक की पंधरास दोन

कापूस वेचणीचे दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात दुपारी एक आजी बावीस दिवसांचं बाळ पदरात गुंडाळून धावत आली. "पाहा ना जी म्याडम, दूध पेता पेता निळं पडलं!"

बाळ लुळं. मधूनच एखादी उचकीसारखी धाप, ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास. तोंडातलं दूध सक्शनने काढलं, मी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची मास्कवाली पिशवी, तोंडावर धरली. अर्ध्या मिनिटाने ठोके तेवढेच. सिस्टरने दोन्ही अंगठे छातीवर ठेवले आणि लेबर रूममधल्या सवयीने मोजू लागल्या, "एक, दोन, तीन, श्वास."

मी म्हटलं, "सिस्टर, पंधरा दाब झाल्यावर दोन श्वास."

त्यांनी अंगठे थांबवले. "मॅडम, एक महिन्याच्या आतलं आहे ना? मग नवजातच."

चुकीचं काहीच नव्हतं. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाच्या ट्रेनिंगपासून त्यांचा हात तीनास एकवर, म्हणजे तीन दाबांमागे एक श्वास यावर, बसलेला. मिनिटाला ९० दाब, ३० श्वास. जन्मताच फुप्फुसात पाणी असतं, अडचण श्वासाचीच असते, म्हणून श्वास इतके. घरी जाऊन परत आलेल्या बाळाला मात्र साधारणपणे मुलांची पद्धत: दोघे असतील तर पंधरास दोन, एकटे असाल तर तीसास दोन. त्यात श्वास निम्म्याहून कमी. मी नुकतंच पीडियाट्रिक ट्रेनिंग करून आले होते, तेव्हा माझी खुमखुमीही होती. पण या बाळाचं हृदय काही आपणहून बिघडलं नव्हतं. श्वास कोंडला म्हणून ते मंदावलं होतं. तेव्हा सिस्टरांचंच खरं.

हे सगळं आता सुचतंय. तेव्हा दोघी एकमेकींकडे बघत होतो, आणि त्या दोन सेकंदांच्या शांततेत मला फुस्स असा आवाज आला. मास्क गळत होता. हनुवटीच्या खालून हवा जात होती, छाती उचलतच नव्हती. इतका वेळ आम्ही आकड्यांवर भांडलो!

लहान मास्क घेतला, खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला, मान किंचित मागे. "तुमचंच मोजा," मी म्हटलं. छाती उचलली. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ठोके ऐंशी, मग एकशे वीस. अॅड्रेनालिन भरून ठेवलं होतं, लागलं नाही. लागलं असतं तर नाळेतून देता आलं नसतं, ती केव्हाच पडलेली, म्हणजे नडगीच्या हाडात सुई घालावी लागली असती. माझा तो हात तितका बसलेला नव्हता.

बाळ रडलं तेव्हा आजी भिंतीला टेकून खालीच बसली. १०८ने जिल्ह्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, पाठवलं.

संध्याकाळी इमर्जन्सी ट्रेच्या झाकणाला मी कागद चिकटवला: घरून आलेलं बाळ, पंधरास दोन, श्वास कोंडलेलं असेल तर आधी ठरवून तीनास एक. सकाळी पाहिलं, तर खाली सिस्टरांनी बॉलपेनने लिहिलं होतं, "पण पहिले मास्क पाहा."