जन्माआधीपासूनच्या नोंदी: पुण्याजवळची सहा गावं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. त्याचं खरं बळ मला सुरुवातीच्या कामात दिसतं. दिवस जाण्याआधीच बायकांची नोंद झाली आणि पाळीची तारीख महिन्याच्या महिन्याला विचारली गेली. ती नंतर आठवून सांगितली की चुकते. मग गर्भाचे आठवडे चुकतात, आणि बाळ लहान आहे की लवकर जन्मलंय, हे कळतच नाही.

बाळाची मापं जन्मानंतर ७२ तासांच्या आत घेतली. अंगातली चरबी कळावी म्हणून खवाट्याखालच्या (खांद्याच्या पात्याखालच्या) त्वचेची घडी कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजणाऱ्या चिमट्याने, मोजताना चिमटीत स्नायू आला, तर आकडा फुगतो.

सरासरी वजन जेमतेम २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. दंड, पोट बारीक, चरबी मात्र जवळपास तेवढीच! नुसत्या वजनकाट्याला हे कधीच दिसलं नसतं.

सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं फोलेट (फोलिक ॲसिड ज्याचं गोळीतलं रूप, ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, जास्त आढळला. बी-१२ही कमी असेल तर सर्वाधिक. म्हणून गरोदरपणात फोलिक ॲसिडसोबत बी-१२चीही चौकशी डॉक्टरांकडे जरूर करा, घरी शाकाहार असेल तर नक्कीच, कारण बी-१२ मुख्यतः प्राणिज पदार्थांतूनच मिळतं.