लेकाचं प्रमाणपत्र काढलं तेव्हा: माझा अनुभव

आमच्या लेकाच्या जन्मदाखल्यावर ‘मुलगी’ अशी नोंद आहे. २०२३ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना आम्ही त्याच्यासाठी तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्राचा अर्ज केला. कारण उपचारांचा खर्च. आयुष्मान भारत ‘टीजी प्लस’ या तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात करार झाला. पण लाभ घ्यायचा तर आधी हे प्रमाणपत्र लागतं.

अठरा वर्षांखालच्या मुलाचा अर्ज, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे, आईवडील किंवा पालक करतात. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरला. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी ह्यांनी ते दोनदा वाचलं, आणि लेकाला हाक मारून विचारलं, “सगळं बरोबर लिहिलंय ना रे?” तोवर घरात सगळे ‘गं’च म्हणायचे. तो ‘रे’ ऐकून पोर क्षणभर बोललंच नाही. मीही पदर डोळ्यांना लावला.

कार्यालयात मात्र आमच्याकडे ऑपरेशनचा दाखला मागितला. सोळा वर्षांच्या पोराचा! तो दाखला त्या कायद्याच्या कलम ७ साठी लागायचा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कागदावर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ करून घ्यायचं असेल तेव्हा. आमचा अर्ज कलम ६ च्या प्रमाणपत्राचा होता, म्हणजे ‘ट्रान्सजेंडर’ अशा ओळखीचा. तेव्हा लागू असलेल्या २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की जिल्हाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रावरूनच निर्णय घ्यायचा, वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी करायची नाही. दुसऱ्या खेपेला मी ते पान छापून, ओळ अधोरेखित करून नेलं. तीस दिवसांची मुदतही त्यातच होती. आमची ती उलटून गेली, पण प्रमाणपत्र आलं.

पैशांचा प्रश्न त्यानं तेव्हा सुटला नाही. आयुष्मान मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. लेकाला त्या वयात हवं होतं समुपदेशन आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी, आणि तो बाह्यरुग्ण विभागातला खर्च आम्हीच केला. शस्त्रक्रियेचा विचार अठरानंतरच, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

प्रमाणपत्र वाचून तो म्हणाला, “आई, यावर ‘ट्रान्सजेंडर’ आहे. ‘मुलगा’ नाही.” मी त्याला कलम ७ समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. नाव मात्र त्यानं स्वतः निवडलेलंच छापलं होतं. संध्याकाळी हे प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स काढून घेऊन आले.