अकरा साइट्स एकाच अकाउंटमध्ये होत्या, त्या वेगळ्या केल्या तो माझा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरातूनच वेबसाइटची कामं करते, सहा-सात वर्षं झाली आता. कस्टमर सगळे इथलेच, कुणी तासगावचे बेदाणेवाले, कुणी मिरजेतला क्लास, आणि गणपती पेठेतले हळदीचे व्यापारी, त्यांना मी काकाच म्हणते. पहिलं काम मिळालं तेव्हा स्वतःच्या नावाने एक होस्टिंग घेतलेलं, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, सीपॅनलवालं (ती जागा सांभाळायचं पॅनल), आणि मग जसं काम येत गेलं तसं प्रत्येकाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच अकाउंटला ॲडऑन (जादा साइट) म्हणून जोडत गेले. लॉगिन एकच, बिल एकच, सोपं पडायचं. असं करत करत ११ साइट्स झाल्या.

यंदा जानेवारीत सकाळी सकाळी काकांचा फोन. "ओ ताई, आपल्या साइटवर जुगार दिसायलाय की ओ, मोबाइलवर उघडून बघा जरा." मी कॉम्प्युटरवर उघडली तर साइट एकदम नीट. मोबाइलवर गूगलमधून गेले तर थेट कुठल्यातरी पत्त्यांच्या जुगाराच्या पानावर. मग एकेक करून बाकीच्या उघडत गेले, बेदाणेवाल्यांची, क्लासची, सगळीकडे तेच. दुपारी होस्टिंगवाल्यांनी अख्खं अकाउंटच सस्पेंड केलं कारण त्यातून भलतेच मेल पण जायला लागले होते, आणि त्यांचं त्यात काही चुकलं नाही, पण ११ जणांची साइट आणि मेल एका झटक्यात बंद.

शोधल्यावर कळलं की घुसले होते क्लासच्या साइटमधून. एक जुना फॉर्मचा प्लगिन (साइटला जोडायचा तयार प्रोग्राम), दोन वर्षं अपडेट नाही. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये जिथं फक्त फोटो असायला पाहिजेत तिथं एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, पडलेली, आणि तिनेच शेजारच्या सगळ्या साइट्सच्या इंडेक्स (पहिल्या पानाची) आणि एचटीॲक्सेस (साइटचे नियम ठेवणारी) फाइली बदललेल्या. काकांच्या साइटमध्ये एक पैशाची चूक नव्हती हो, तरी ती गेली. कारण एका सीपॅनल अकाउंटमधल्या सगळ्या साइट्स सर्व्हरच्या दृष्टीने एकाच युजरच्या असतात. एका साइटचा पीएचपी कोड चालतो तो त्या युजरच्या हक्काने चालतो, त्यामुळे त्याला शेजारच्या दहाही फोल्डरमध्ये वाचता पण येतं आणि लिहिता पण येतं. हे मला ऐकून माहिती होतं, पण ११ लोकांना एकाच दिवशी फोन करून सांगावं लागलं तेव्हा खरं समजलं.

साफसफाईत चार दिवस गेले, बॅकअप, पासवर्ड, नवीन वर्डप्रेस फाइली, ते सगळं इथे सांगत बसत नाही. त्यानंतर ठरवलं की प्रत्येकाचं अकाउंट वेगळं करायचंच.

पहिल्यांदा मी चुकीच्या दारात शिरले ते सांगते कारण बरेच जण तिथेच अडकतात. सीपॅनलमध्ये युजर मॅनेजर म्हणून एक गोष्ट आहे, फोनवरच्या सपोर्टवाल्या मुलाने पण तेच सांगितलं, "मॅडम, तिथं युजर वाढवा." मी मनापासून पाच युजर केले. नंतर लक्षात आलं की तिथल्या युजरला फक्त ईमेल, एफटीपी आणि वेब डिस्क (दोन्ही फाइली चढवा-उतरवायचे रस्ते) एवढंच मिळतं, सीपॅनलचं स्वतःचं लॉगिन नाही. एफटीपीला त्याच्याच फोल्डरमध्ये अडकवता येतं हे खरं, पण ते अडकवणं माणसाला लागू, साइटच्या कोडला नाही. कोड तरीही त्याच एका युजरच्या हक्काने पळतो. म्हणजे एकाच खोलीत पाच जणांना पाच कपाटं दिली, खोलीचं दार मात्र तेच.

खरं वेगळेपण पाहिजे तर वेगळं सीपॅनल अकाउंट लागतं आणि ते करायला डब्ल्यूएचएम लागतं, म्हणजे अनेक सीपॅनल अकाउंट बनवायचं वरचं पॅनल, जे रिसेलर प्लॅनमध्ये (होस्टिंग पुढे वाटून देणाऱ्यांचा प्लॅन) मिळतं. लॉगिनच्या पत्त्यात सीपॅनलला शेवटी २०८३ असतं, डब्ल्यूएचएमला २०८७, बाकी दिसायला भाऊभाऊच. प्लॅन महाग पडतो, शिवाय २०१९ पासून सीपॅनलचं लायसन्सच अकाउंटच्या संख्येवर आहे त्यामुळे किती अकाउंट मिळणार हे घेण्याआधी नीट विचारून घ्या. मी प्रत्येक कस्टमरला महिन्याला शंभर रुपये जास्त पडतील असं सरळ सांगितलं आणि कारण पण सांगितलं. एकाने पण नाही म्हटलं नाही.

आत गेल्यावर आधी 'ॲड अ पॅकेज'. २ जीबी जागा, १० ईमेल, शेल ॲक्सेस (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) बंद, असं एक साधं पॅकेज केलं. मग 'क्रिएट अ न्यू अकाउंट', त्यात डोमेन, युजरनेम, पासवर्ड, संपर्काचा ईमेल आणि पॅकेज निवडायचं. युजरनेम तो डोमेनवरून आपोआप भरतो, १६ अक्षरांच्या आत ठेवायचं, मी ते बदलून ओळखू येतील अशी नावं दिली. संपर्काचा ईमेल मी मुद्दाम कस्टमरचा टाकला, माझा नाही, कारण उद्या मी नसले तरी पासवर्ड त्यांना बदलता आला पाहिजे.

सुरुवात काकांपासून केली आणि बटण दाबल्या दाबल्या एरर, हे डोमेन सर्व्हरवर आधीच आहे. बरोबरच आहे, ते जुन्या अकाउंटला ॲडऑन म्हणून जोडलेलं होतं ना. म्हणजे आधी तिथून काढायचं, मग इथे नवीन करायचं, आणि मधल्या वेळात त्या डोमेनला आलेला मेल परत जाणार. हे कळल्यावर मी लॅपटॉप बंदच केला त्या दिवशी. कारण काकांचं सगळं मेलवर चालतं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यावर बाहेरून चौकशा वाढल्या म्हणून त्यांनी साइट आणि मेल करून घेतलेलं, आणि २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पेठेतल्या दुकानातला त्यांचा कॉम्प्युटर पाण्यात गेला. तेव्हापासून मेलची प्रत दुसरीकडे कुठेच नाही, जे आहे ते सर्व्हरवर.

म्हणून रविवारची रात्र धरली, ११ वाजता. आधी साइटच्या फाइलींची झिप, मग पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस बघायचं सीपॅनलमधलं साधन) डेटाबेस एक्सपोर्ट, मग मेल. मेल जुन्या अकाउंटच्या 'मेल' फोल्डरमध्ये डोमेनच्या नावाखाली असतात, प्रत्येक ईमेलचं एक फोल्डर आणि त्यात कर (cur), न्यू (new), टेम्प (tmp) अशी तीन फोल्डरं. मी ती तिन्ही निवडून कॉम्प्रेस केली, लॅपटॉपवर उतरवली, जुन्याकडून ॲडऑन काढला, नवीन अकाउंट केलं, त्यात त्याच नावाचे ईमेल केले आणि झिप चढवून उघडली. वेबमेल उघडला. इनबॉक्स सगळा आला. सेंटवर क्लिक केलं.

रिकामं.

काकांनी सहा-सात वर्षांत पाठवलेले भाव, कोटेशन, सगळं त्यात. रात्रीचा पाऊण वाजलेला, हात अक्षरशः गार पडले माझे. परत जुन्या अकाउंटच्या फाइल मॅनेजरमध्ये गेले, तेच तीन फोल्डर दिसतायत, चौथं काही नाही. मग वरती उजवीकडे सेटिंग्ज दिसलं आणि एकदम आठवलं, त्यात 'शो हिडन फाइल्स' ची टिक मी लावलेलीच नव्हती. टिक लावली आणि टिंबाने सुरू होणारी फोल्डरं एकामागोमाग एक दिसायला लागली, .सेंट, .ड्राफ्ट्स, .ट्रॅश आणि काकांनी स्वतः केलेलं एक '.कोल्ड स्टोरेज'. सगळं तिथेच होतं. तेव्हापासून मी आतलं निवडत बसत नाही, अख्ख्या ईमेलचंच फोल्डर कॉम्प्रेस करते, आणि त्याच्या आधी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये मेलची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवते.

साइटला मग वेळ लागला नाही. डेटाबेसच्या नावापुढे नवीन युजरनेम लागतं म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये नाव, युजर, पासवर्ड बदलायला लागतात. तरी 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' येत असेल तर नव्वद टक्के वेळा युजर बनवलेला असतो पण डेटाबेसला जोडलेला नसतो, 'ॲड युजर टू डेटाबेस' मध्ये जाऊन 'ऑल प्रिव्हिलेजेस' द्यायचं. सर्व्हर तोच असल्यामुळे माझ्याकडे डीएनएसची (डोमेनचा नवा सर्व्हर सगळीकडे कळण्याची) वाट बघायची गरज पडली नाही. कुलपाचं चिन्ह मात्र गायब होतं, ब्राउझर लाल वॉर्निंग देत होता, ते 'एसएसएल स्टेटस' मध्ये जाऊन 'रन ऑटोएसएसएल' दाबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आलं.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पेठेत जाऊन बसले, कारण ईमेलचे पासवर्ड नवीन झालेले आणि तीन फोनवर ते टाकायचे होते. दिवाणजींना फक्त ईमेलचा पासवर्ड दिला, सीपॅनलचा काकांच्या मुलाला, आणि तो त्याने स्वतः टाइप केला, मी पाठ फिरवून उभी राहिले. टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, पण तिथल्या तिथे चालू केलं, कोड त्याच्या फोनवर. काकांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "म्हणजे आता आपलं गोडाऊन वेगळं झालं व्हय?" मी म्हटलं व्हय काका, आणि शटरची चावी पण तुमच्याकडेच.

बाकीच्यांना दीड महिना लागला, आठवड्याला एक-दोन, घाई केलीच नाही.

आणि गेल्या महिन्यात क्लासची साइट परत गेली. क्लासच्या सरांनी कुठून तरी फुकटची थीम (साइटचं तयार डिझाइन) आणून टाकलेली, तीच लफडेवाली. सकाळी साडेसातला होस्टिंगचा मेल आला, मी डब्ल्यूएचएममध्ये जाऊन त्यांचं एक अकाउंट सस्पेंड केलं आणि मग बाकीच्या दहाच्या दहा फाइल बाय फाइल तपासल्या, अकरा वाजेपर्यंत तेच करत बसले होते. एकाही फाइलला हात लागलेला नव्हता. मग सरांना फोन लावला, तेवढा एकच.