बारावा रुपया : नाण्यांचं ग्रेडिंग करून घेण्याचा माझा अनुभव

पंचवटीतल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात अकरा चांदीचे रुपये मांडतात. पणजीपासून चालत आलेले. पूजेच्या आदल्या दिवशी ते घासायचे, ही घरची रीत. आधी चिंचेचा कोळ, मग चिमूटभर रांगोळी घेऊन अंगठ्यानं गोल गोल. लहानपणापासून हे काम माझ्याकडे. रुपये लखलखीत झाले की आई म्हणायची, "आता कशी लक्ष्मी उजळली!"

दोन वर्षांपूर्वी आजीची ट्रंक आवरताना लुगड्याच्या घडीत एक बटवा सापडला. त्यात सुती चिंधीत गुंडाळलेला आणखी एक रुपया होता, पंचम जॉर्जचा, 1919 सालचा. तबकात तो कधीच बसला नव्हता. रंग काळपट, कडेला निळसर-जांभळी झाक. बाराही रुपये घेऊन मी सराफ बाजारात गेले. दुकानदारानं काट्यावर टाकून चांदीचा भाव सांगितला आणि काळ्या रुपयाकडे बघून म्हणाला, "हा जरा घासून आणा, बरा दिसेल." त्या संध्याकाळी मी चिंच भिजत घातलीही होती. तेवढ्यात पाहुणे आले आणि घासणं राहून गेलं.

पुढे ग्रेडिंग, म्हणजे झीज आणि पृष्ठभाग तपासून नाण्याला दर्जाचा आकडा देणं, समजून घ्यायला ओळखीतून कॉलेज रोडला राहणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहक काकांकडे जाणं झालं. गेल्या गेल्या ते म्हणाले, "ताई, आधी हात धुऊन, कोरडे करून या. आणि नाणं नेहमी कडेनं धरायचं. बोटाचा ठसा चांदीवर उमटला की निघत नाही." टेबलावर मऊ कापड अंथरलेलं, एकच पिवळा दिवा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटा काटा. ट्यूबलाइट त्यांनी मुद्दाम बंद केली. पसरट उजेडात नाण्याचे दोष लपतात म्हणाले.

आधी वजन. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, 1939 पर्यंत त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळा म्हणजे हेच वजन. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, म्हणून जुन्या माणसांच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळत नाही. माझा राणी छाप 1862 चा रुपया काट्यावर 11.4 ग्रॅम भरला. बाकीची चांदी हातोहाती झिजली, आणि त्यात थोडी माझ्या अंगठ्याखालीही गेली असणार. (1862 हे साल असलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते, त्यामुळे नाण्यावरचं साल म्हणजे जन्मसाल असं धरता येत नाही, हेही तिथेच कळलं.)

मग त्यांनी दोन नाणी शेजारी ठेवली. एक माझं घासून लखलखीत केलेलं, सातव्या एडवर्डचं, 1907 चं. दुसरा तो काळा 1919. "यातलं चकाकणारं कोणतं?" मी अर्थातच एडवर्डकडे बोट दाखवलं. त्यांनी ते कडेनं धरून दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. उजेड सगळीकडे सारखाच, भांड्यावर पडतो तसा. मग काळा रुपया धरला. पुन्हा तसंच कलतं केलं, आणि त्या काळपटपणाखालून उजेडाचा एक पट्टा सुटला. नाणं जसं वळेल तसा तो चाकाच्या आरीसारखा गोल फिरत होता. मी खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी तीनदा फिरवून दाखवलं आणि तिन्ही वेळा तो पट्टा राजाच्या गालावरून, मुकुटावरून, अक्षरांच्या मधून सलग फिरला.

याला संग्राहक लस्टर म्हणतात. ठसा आदळतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. उजेड फिरतो तो त्या रेषांवरून. वरचा काळेपणा हा हवेतल्या आणि कागदा-पुठ्ठ्यातल्या गंधकाचा चांदीवर झालेला थर, त्याखाली रेषा शाबूत असतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती आधी या रेषाच खाते. भिंगातून एडवर्डच्या मानेवर मी स्वतः पाहिल्या, एकाच दिशेनं वळत गेलेल्या केसासारख्या बारीक चऱ्या. माझ्याच अंगठ्याची वळणं होती ती. मला खूप वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

ग्रेडिंगचं शास्त्र मला त्या टेबलावरच समजलं. आकडे 1 ते 70. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. 70 चं नाणं 1 च्या सत्तर पट किमतीचं, असा त्याचा मूळ हिशेब होता. किमतीचा तो हिशेब कधीच मोडला, आकडे मात्र जगभर टिकले. 60 पासून पुढे मिंट स्टेट (एमएस), म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. 50 ते 58 एयू, नुसती उंचवट्यांवर झीज लागलेलं. 40 आणि 45 एक्सएफ (एक्स्ट्रिमली फाइन), 20 ते 35 व्हीएफ (व्हेरी फाइन), 12 आणि 15 फाइन, आणि त्याखाली नुसता आकार ओळखू येणारी.

झीज बघायची ती सगळ्यात उंच जागी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मिशी, कान, मुकुट, आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती. हा हत्ती प्रसिद्ध आहे. 1911 च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसला, लोकांनी आक्षेप घेतला आणि 1912 पासून चित्र सुधारावं लागलं. आता ग्रेडर त्याच हत्तीच्या अंगावरचे तपशील मोजतात. पण हत्ती सपाट दिसला की लगेच झिजला म्हणायचं नाही. ठसाच हलका बसला असेल तर त्या सपाट जागेवरही लस्टर असतं. झिजलेल्या जागी ते नसतं, तिथं चांदी राखाडी, मिणमिणीत दिसते. हा फरक ओळखायला मला चार बैठका लागल्या.

चौथ्या बैठकीला मी 1885 चा रुपया पुढे केला. त्याच्या वरच्या कडेला जस्ताच्या डागासारखं काहीतरी आहे, कारण तो पणजीच्या गळ्यातल्या माळेत होता आणि त्याला कडी लावली होती. काका म्हणाले, याला आकडा मिळणार नाही. मला ते पटेना, ही तर आमच्या घरची खूण! त्यावर त्यांनी जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. 1906 मध्ये आपल्या नाशिकजवळ सापडलेला तो साठा, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला, आणि खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. "तिथं वरचा ठसा हाच इतिहास आहे ताई. राजानं मारलेला. कडी सोनारानं लावली. तुमच्या घरात ती मोलाची, ग्रेडरला ती दुखापतच." पुढच्या रविवारी मी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जाऊन तिथल्या मुद्राशास्त्राच्या संस्थेचं संग्रहालय पाहून आले. 1980 मध्ये सुरू झालेली ही संस्था आपल्या गावाजवळ आहे आणि इतकी वर्षं मी तिच्या पाटीसमोरून त्र्यंबकला जात होते.

प्रत्यक्ष पाठवणं त्या मानानं सोपं. फी नाण्यागणिक असते, म्हणून बारातली चारच निवडली. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे देशातल्याच एका सेवेकडे पाठवायचं ठरलं. मी चारही नाणी मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटांत घातली होती, ती काकांनी काढायला लावली. त्यात पीव्हीसी असतं आणि कालांतरानं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. कडक, पारदर्शक पाकिटं आणली, प्रत्येकावर क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो, वजनाची नोंद, अर्जावर साल आणि टाकसाळ. 1919 च्या खालच्या फुलाखाली बारीक ठिपका आहे, म्हणजे मुंबई. विमा उतरवून पार्सल गेलं आणि मी रोज मोबाइल बघत बसले.

दहा आठवड्यांनी चारही नाणी पारदर्शक डब्यांत बंद होऊन, प्रत्येक डबीवर निकालाची चिठ्ठी घेऊन परत आली. 1862 ला व्हीएफ डिटेल्स, कारण साफ केलेलं. 1907 ला एयू डिटेल्स, कारण तेच. 1885 ला एक्सएफ डिटेल्स, कारण कडी काढल्याची खूण. डिटेल्स म्हणजे झीज इतकी इतकी, पण पृष्ठभाग दुखावलेला, म्हणून आकडा नाही. आणि 1919 ला एमएस 62. चिठ्ठीवर टाकसाळ मात्र कोलकाता छापली होती. फोटो जोडून कळवलं, डबी परत पाठवावी लागली, आणखी तीन आठवडे गेले. आधीच काढून ठेवलेले फोटो तिथं कामी आले.

एयू डिटेल्स ही चिठ्ठी माझ्या जिवाला जास्त लागली. तो एडवर्ड फारसा फिरलेलाच नव्हता. त्याच्यावर जे काही झालं ते आमच्या स्वयंपाकघरात, दर आश्विनात झालं.

आईला हे सांगणं कठीण गेलं. ती गप्प बसून चारही डब्या बघत राहिली. मग 1885 ची डबी हातात घेतली, कडीच्या जागेवर काचेवरूनच बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला वाईट म्हणालेत का ते?" मी म्हटलं, नाही, फक्त आकडा दिला नाही. "मग चालेल," म्हणाली.

यंदा चिंच भिजली नाही. तबकातले आठ रुपये साध्या पाण्यानं धुऊन पंचावर टिपून ठेवले, न चोळता. चार डब्या त्यांच्या मागे उभ्या केल्या. आईनं हळद-कुंकू वाहताना 1919 पाशी हात क्षणभर थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणि कुंकवाचं बोट डबीच्या वरच्या कोपऱ्यात लावलं, चिठ्ठीवरच्या 62 च्या शेजारी.