सव्वाशे किलोमीटर आणि एक ठकठक

स्टँडवर लावून गाडी चालू केली की आवाज नाही, रस्त्यावर तासभर पळाली की ठकठक. जुन्या मोटरसायकलींची ही नेहमीचीच तक्रार. स्टँडवर इंजिनावर भार नसतो आणि तेलही पुरतं तापत नाही, मग आवाज येणार कुठून? म्हणून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेल्याचा संशय असलेलं हे इंजिन खोलण्याआधी एक फेरी फक्त ऐकण्यासाठी काढली. इंजिन सिंगल सिलिंडर, बोअर 70 आणि स्ट्रोक 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. बिडाचं सिलिंडर, पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे), पॉइंटचं इग्निशन (उघडमिट करून ठिणगी पाडणारे संपर्क), ड्राय संप (तेल क्रँकखाली न साठता वेगळ्या कप्प्यात) आणि क्रँकच्या डाव्या टोकावर अल्टरनेटर.

रस्ता मुद्दाम निवडलेला: 55 किलोमीटर सपाट, मग 9 किलोमीटर चढ, आणि त्याच वाटेने परत. वाटेत लांब दगडी भिंत किंवा कापलेली दरड लागत असेल तर उत्तम. आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि गाडीवर बसून जे कळत नाही ते तिथे कळतं. कानात बोळे घाला. वाऱ्याचा गोंगाट गळून पडतो आणि खोलातली ठोक उलट स्पष्ट येते.

निघण्याआधी दोनच कामं केली. पहिलं, बाहेरची खडखड बाद करणं: हेड स्टे (इंजिनाचं डोकं फ्रेमला धरणारी पट्टी), मडगार्डचे ब्रॅकेट, टाकीचे बोल्ट, बेंड पाइपचा (एक्झॉस्टच्या वाकड्या पाइपचा) क्लॅम्प. हेड स्टेचा एक सैल नट ठरावीक वेगाला असा खणखणतो की माणूस थेट क्रँकपर्यंत पोचतो. दुसरं काम टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हकडची फट लावण्याचं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. या जातीच्या इंजिनात त्यासाठी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. लॉकनट आवळताना सेटिंग हटतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहा. मग इंजिन दोनतीनदा पूर्ण फिरवून परत तपासा. एकदा मोकळा आणि एकदा घट्ट लागला तर टॅपेटचा पाय किंवा कॅम झिजलाय. तिथे कितीही सेटिंग केलं तरी टकटक येत-जात राहणार.

पाने-पक्कड नेहमीचे घ्याच. शिवाय लांब स्क्रूड्रायव्हर, फीलर गेज, वही आणि हँडलला घट्ट बसवलेला, निघतानाच रेकॉर्डिंग चालू केलेला फोन.

पहिले दहा किलोमीटर थंड इंजिनाचे. सिलिंडरच्या मध्यातून पोकळ टपटप येत होती, ती आठव्या किलोमीटरला विरली. हा पिस्टनचा थापा. गार पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असतो, तापून फुगला की गप्प बसतो. जुन्या इंजिनात एवढं चालतं. तापल्यावरही तो टिकला तर मात्र बोअर मोजून घ्यायला हवं.

सपाटीवर काहीच नाही. अशा वेळी गाडी बरी झाली असं वाटतं आणि माणूस परत फिरतो, फिरू नका. टाकीच्या झाकणाचं वायुछिद्र मात्र इथेच तपासून घ्या. ते बुजलं असेल तर वीसतीस मिनिटांनी पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन किणकिणायला लागतं. झाकण उघडताच फुस्स आवाज आला आणि किणकिण थांबली, तर दोष इंजिनात नाही.

चढाला दुसरा आवाज आला. टॉप गिअरमध्ये वेग पडू दिला आणि थ्रॉटल उघडला की काचेचे मणी सांडल्यासारखी किणकिण. गिअर उतरवला की बंद. हे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम भडकणं, म्हणजे पिंकिंग. ठिणगी फार आधी पडली की ते होतं. प्रत्येक वेळी येत नव्हतं, त्यामुळे संशय अॅडव्हान्स युनिटवर (वेग वाढला की वजनं बाहेर फेकून ठिणगी आधी पाडणारा भाग). स्प्रिंग ढिल्या पडल्या की वजनं कमी वेगालाच बाहेर पडतात. पिन सुकल्या की बाहेर पडलेली वजनं अडकून राहतात, कधी सुटतात, कधी नाही. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवा. तो वाढला तरी टायमिंग पुढे सरकतं. गॅप आधी, टायमिंग नंतर. पूर्ण रिटार्डला (वजनं मिटलेली असताना) पॉइंट पिस्टन टोकापासून 0.8 मिमी खाली असताना उघडले पाहिजेत. चढावर ताबडतोब करता येण्याजोगा उपाय एकच, खालचा गिअर. किणकिणत तसंच रेटलं तर पिस्टन जाईल.

एक गोष्ट इथेच वहीत टिपली: इतका भार असूनही ठकठक नव्हती. बिग एंड गेलेलं असतं तर इंजिन खेचत असताना ते बोललं असतं.

माथ्यावर गाडी थांबवली, स्लोवर (थ्रॉटल मिटून इंजिन नुसतं चालू) सोडली, आणि ठकठक हजर. जड, खालून येणारी, अनियमित. घाबरवणारीच. आधी तेल: ड्राय संपमध्ये पातळी इंजिन चालवून झाल्यावर पाहायची, कारण उभ्या गाडीत तेल क्रँककेसमध्ये उतरतं आणि पट्टी खोटं सांगते. मग रॉकरच्या तेलनळीचा बँजो बोल्ट (नळी बसवणारा पोकळ बोल्ट) किंचित सैल केला. चालू इंजिनात तेल पाझरलं, म्हणजे पंप चालू आहे. तेल पाझरत नसेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करा आणि गाडी टेम्पोत घालून न्या.

क्लच दाबला, ठकठक तशीच. क्लच हब किंवा प्रायमरी चेन (क्रँकपासून क्लचपर्यंतची) असती तर आवाज बदलला असता. चेनचा आवाज तसाही इंजिनाच्या तालात नसतो. घट्ट जागा फिरून आली की खळखळ वाढते-ओसरते. पुढे थ्रॉटल थोडा वाढवून स्थिर धरला, तर ठकठक पूर्ण गेली. पुन्हा स्लो, पुन्हा ठकठक. स्क्रूड्रायव्हरचं हँडल कानाच्या हाडाला आणि टोक इंजिनाला लावून पाहिलं: उजव्या टायमिंग कव्हरवर मंद, सिलिंडरच्या बुडाशी मंद, डाव्या प्रायमरी कव्हरवर क्रँकच्या टोकासमोर खणखणीत. (हे करताना ओढणी, बाही, मागची चेन आणि तापलेला बेंड पाइप यांचं भान ठेवा.) सिंगलमध्ये स्लोवर क्रँक दर दोन फेऱ्यांत एकदा झटका घेते आणि मंदावते. तिच्या टोकावर रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) सैल असेल तर तो चावीवर (त्याला क्रँकवर अडकवणाऱ्या खिट्टीवर) मागेपुढे आपटतो. सकाळी चोकवर स्लो वाढलेला आणि तेल घट्ट, म्हणून आवाज दबतो. येण्याजाण्याचं कोडं असं सुटलं.

परत आल्यावर इंजिन थंड करून प्रायमरीचं तेल काढलं, मधला नट सोडून कव्हर उतरवलं, स्टेटर (अल्टरनेटरचा स्थिर भाग) बाजूला केला. रोटर हाताने हलवताच टक. नट सैल, चावी एका बाजूने झिजलेली. नट सोडताना-आवळताना गाडी टॉप गिअरमध्ये आणि मागचा ब्रेक दाबून, म्हणजे क्रँक फिरत नाही. चावी आणि लॉक वॉशर नवेच घाला. क्रँकमधली खाच रुंदावली असेल तर नुसतं लॉकिंग लिक्विड ओतून भागणार नाही, ते लेथवाल्याचं काम. जुळवताना रोटर आणि स्टेटरमध्ये चहूबाजूंनी किमान 0.20 मिमीची फीलर पट्टी जायला हवी; एका बाजूला घासलं तर भारावर नवी टिकटिक सुरू होते. कव्हर उघडंच आहे तर प्रायमरी चेनही पाहून घ्या: सर्वांत घट्ट जागी 6 मिमी खेळ. त्याहून आवळली तर बेअरिंगं खाते. तेल लेव्हल स्क्रूपर्यंत.

ज्यांची गाडी ट्विन (दोन सिलिंडरची) आहे त्यांना आणखी एक सोय आहे: स्लोवर एकेका प्लगची कॅप काढून ती अर्थ करा (इंजिनाच्या धातूशी जोडा), लोंबती सोडू नका. ज्या बाजूची कॅप काढल्यावर ठोक मंदावते, ती बाजू तपासायची.

आणि खरंच बिग एंडपर्यंत जावं लागलं, तर सिलिंडर उचलल्यावर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून पाहा. तिथे खेळ शून्य हवा. बाजूला थोडा हलतो तो हलू द्या. त्यावरून फ्लायव्हील उलगडायला घेऊ नये.

दुसरी फेरी त्याच रस्त्याने, त्याच वहीसह. ठकठक गेली होती. किणकिण होती, कारण अॅडव्हान्स युनिटला अजून हात लावला नव्हता. एका फेरीला एकच बदल, नाहीतर कशाने काय गेलं ते कळत नाही. उतारावर थ्रॉटल मिटल्यावर एक फटफट मात्र पहिल्यांदाच ऐकू आली, थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी. बेंड पाइप हेडमध्ये बसतो तिथे काळा डाग होता, म्हणजे धूर तिथून गळत होता.